देव, म्हादूअण्णा आणि तिसरा होल

म्हादूअण्णा मिराशींची आणि माझी ओळख त्यांच्या चेंडूने करून दिली. रामनगरहून जोयड्याकडे जाताना जंगल दाट व्हायला लागलं की आत वळून आमचं गाव लागतं. तिथल्या मराठी शाळेत माझी नुकतीच बदली झाली होती. रविवारची सकाळ होती, अंगणात चटईवर तांदळाचे पापड वाळत घातले होते आणि मी राखणीला बसले होते. माझी सगळी तयारी कावळ्यांसाठी होती. आला तो एक पांढरा चेंडू. आभाळातून पडला आणि ओल्या पापडात रुतून बसला. मी तो उचलायला वाकले, एवढ्यात बांधापलीकडून आवाज आला, "हात लावू नका, बाई!"

सत्तरीचा एक शिडशिडीत माणूस बांध ओलांडून आला. इस्त्रीची पँट, तिच्यात नीट खोचलेला कॉलरचा बनियन, डोक्याला पांढरी टोपी, हातात लोखंडी टोकाची काठी, आणि पाय अनवाणी. अंगणात पाऊल टाकण्याआधी त्याने टोपी काढली. "मी मिराशी. चेंडू तुमच्या पापडात हाय. आता हितनंच मारावा लागंल."

"अहो, उचलून घ्या की!"

"उचललो तर दंड पडतोय."

"कोण घेणार दंड? इथे आहे कोण?"

"मी हाय की," ते म्हणाले. बोलण्यात विनोदाचा मागमूस नव्हता. मग त्यांनी पाय रोवले, काठी मागे नेली, आणि चेंडू गेला. त्याच्याबरोबर माझे तीन-चार पापडही गेले. अण्णांनी पुन्हा टोपी काढून माझे आभार मानले आणि चेंडूमागे चालायला लागले. संध्याकाळी त्यांची बायको, शांताक्का, डबाभर पापड घेऊन आली. "ह्यांनी कुणाकुणाचं नासलेलं भरून द्यायला मी दरसाल जास्तीचे पापड घालतोय," ती म्हणाली. मी विचारलं, तुमचे मिस्टर करतात काय? तिने आधी प्यायला पाणी मागितलं.

तोच प्रश्न म्हणे लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनीही विचारला होता. नवरामुलगा करतो काय? मध्यस्थ म्हणाला, चेंडू खड्ड्यात घालतो. वडील म्हणाले, मग? मग काढतो. मग? मग दुसऱ्या खड्ड्यात घालतो. "आमच्या बाबांनी पान लावलं," शांताक्का सांगायची. "मग म्हणाले, दारू पीत न्हाई न्हवं? द्या पोरगी."

हा खेळ म्हणजे गोल्फ, आणि अण्णा त्यातले खरे, पोटासाठी खेळणारे, व्यावसायिक खेळाडू होते. तरुणपणी ते बंगळुराला एका क्लबात गवत कापायला गेले. मग साहेब लोकांच्या काठ्यांची पिशवी वाहायला लागले. क्लब बंद असायचा त्या दिवशी तीच काठी स्वतः धरायला लागले. साहेबांनी हौसेने मारायचं आणि इतरांनी चेंडू शोधायचा, असा तेव्हाचा रिवाज होता. त्या काळात हा जोयड्याच्या रानातला माणूस बँकॉकला, मनिलाला आणि क्वालालंपूरला जाऊन खेळला. आपल्याकडून तिकडे जाणारे तेव्हा अगदी मोजके होते. पिशवीत काठ्यांबरोबर नाचणीचं पीठ असायचं. एका विमानतळावर अधिकाऱ्यांनी त्या पिठावर संशय घेतला, तेव्हा अण्णांनी तिथेच गरम पाणी मागून आंबील कालवली आणि त्या साहेबाला पाजली. साहेबाने दुसरा पेलाही मागितला, असं अण्णा सांगायचे. हे मी तपासून पाहिलेलं नाही.

मलेशियात त्यांनी एक मोठी स्पर्धा जिंकली होती. तिचा चांदीचा करंडक घरात होता. शांताक्का त्यात आमसुलं ठेवायची, त्यामुळे तो काळाकुट्ट पडला होता. पाहुण्यांना दाखवायचा झाला तर आधी आमसुलं ताटात ओतावी लागत. मग पाहुणे करंडकाऐवजी आमसुलंच बघत, कारण ती खरोखर चांगली असत.

खेळणं सुटल्यावर अण्णा गावी आले आणि गावाचंच मैदान केलं. भाताची कापणी झाली की शेतं मोकळी होतात, ती नांगरणीपर्यंत त्यांची. तळ काढलेले डबे जमिनीत पुरून होल केले आणि शांताक्काच्या जुन्या लुगड्यांचे झेंडे लावले. होल पाचच होते. सहावाही होता, पण गणपती गुरवाच्या म्हशीचा पाय त्यात अडकला आणि गावकीने तो बुजवायला लावला. चेंडू शेणात पडो, करवंदीच्या जाळीत पडो, नाहीतर रवंथ करत बसलेल्या बैलाच्या पोटाखाली, अण्णांचं एकच म्हणणं, "पडला तिथनं मारायचा." ते हे कशालाही म्हणायचे. माझी पुढे दुसरीकडे बदली होणार अशी आवई उठली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. अण्णा म्हणाले, "बाई, पडला तिथनं मारायचा." बदली रद्द झाली, तेव्हा मी पेढे घेऊन गेले तरी ते तेच म्हणाले.

या नियमाला अपवाद एकच होता, तो म्हणजे देवाची राई. तिसऱ्या होलच्या उजव्या अंगाला राई आहे. जुनी प्रचंड झाडं, वेली, आणि आत शेंदूर लावलेला एक दगड. त्या राईतून वाळकं पानही बाहेर आणायचं नाही, असा गावाचा दंडक. आत गेलं ते देवाचं. अण्णांचे चेंडू तिकडे वळायचेच, आणि एकदा आत गेला की अण्णा टोपी काढायचे, राईला हात जोडायचे, एक फटका दंड घ्यायचे, म्हणजे आपल्या हिशेबात एक फटका जास्तीचा मांडायचे (या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो), आणि दुसरा चेंडू काढायचे. देवाकडे तोवर एवढे चेंडू जमले होते की नुसत्या चेंडूंवर तो क्लब चालवू शकला असता. शांताक्का म्हणायची, "लोक देवाला नारळ देत्यात, आमच्यात चेंडू देत्यात."

आता अण्णांचं दुखणं सांगते. सुरुवातीच्या जागेवरून मारलेला पहिलाच चेंडू थेट खड्ड्यात गेला तर त्याला होल-इन-वन म्हणतात. एवढे देश फिरले, करंडक आणला, पण अण्णांना तो उभ्या आयुष्यात एकदाही लागला नव्हता. "ज्यास्नी काठी धराय येत न्हाई त्यास्नी बी लागतोय, बाई. आमच्या क्लबात एका वकिलाला लागला. त्यो शिंकला होता." गणेशगुडीच्या एका लॉजवाल्याने एकदा काही पाहुण्यांना मजा म्हणून आमच्याकडे आणलं. ते काळी नदीत राफ्टिंग करून आले होते, अजून ओले होते. त्यातल्या एकाने एका हातात मोबाइल धरून, स्वतःचंच शूटिंग करत, दुसऱ्या हाताने काठी हाणली. चेंडू गुरवाच्या म्हशीला लागला, उडाला आणि डब्यात गेला. आम्ही सगळे अण्णांकडे बघायचं टाळत होतो. अण्णांनी टोपी काढून त्या माणसाशी हात मिळवला. रिवाज असा की ज्याला असा होल लागतो त्याने हजर असलेल्यांना जेवू घालायचं. पाहुण्याने बिस्किटाचे पुडे वाटले. म्हशीलाही एक दिला.

स्वतःला होल लागला तर गावजेवण, असा अण्णांचा शब्द होता. त्यासाठी शांताक्का दरसाल एक कोंबडा राखून ठेवायची. त्याला होलचा कोंबडा म्हणत आणि त्याला कुणी हात लावत नसे. त्यामुळे आमच्या गावात म्हातारपणाने मेलेले कोंबडे पुष्कळ झाले. पण अलीकडे अण्णांचा डावा हात थरथरायला लागला होता. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. म्हणजे होल लागायचा तर याच एक-दोन मोसमांत. अण्णा मला म्हणाले, "बाई, साक्षीदार लागतोय. न्हाईतर लागून बी न लागल्यासारखं. तुम्ही बसशिला काय?" तिसरा होल आमच्याच घरमालकाच्या शेतात, माझ्या अंगणासमोर. मी रोज शाळा सुटली की तपासायच्या वह्या घेऊन त्या झेंड्याशी बसायला लागले. चढापलीकडून अण्णा मारायचे. ते मला दिसत नसत, राईची कडाही नीट दिसत नसे. दिसायचा तो फक्त आभाळातून येणारा चेंडू. एकदा तो पोरांच्या निबंधांवर येऊन पडला. मी हात लावला नाही. अण्णांनी तो 'माझा आवडता सण' वरून मारला.

शिमग्याच्या आधीची ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. चेंडू उजवीकडून आला, नेहमीपेक्षा खालून. बांधाला आपटला, एक उडी मारून घरंगळत घरंगळत डब्याच्या कडेशी आला आणि तिथे थांबला. अर्धा आत, अर्धा बाहेर. मी श्वासच धरला. एका फुंकरीचं काम होतं, पण फुंकर मारायची माझी हिंमत झाली नाही. आणि मग तो आपणहून आत पडला. मी अशी किंचाळले की गावात बिबट्या आला असं समजून लोक काठ्या घेऊन धावले. खरा प्रकार कळल्यावर त्याच काठ्या नाचवत ते ओरडायला लागले. शांताक्का कोंबड्याच्या मागे धावली. कुणीतरी मसाला वाटायलाही बसलं.

अण्णा सगळ्यांच्या शेवटी आले. हळूहळू चढ उतरले, टोपी हातात. मी म्हटलं, "अण्णा, लागला! मी डोळ्यांनी बघितला!" त्यांनी डब्यात वाकून पाहिलं, पण चेंडू उचलला नाही. मग शांताक्काकडे वळून म्हणाले, "कोंबडा सोड."

"का? आता काय झालं?" कोंबडा तिच्या काखेत होता.

"चेंडू राईत गेल्ता. आतल्या झाडाला आपटून भायेर आला."

 शांताक्काने विचारलं, "कुणी बघितलं?"

"मी बघितलो की."

हे ऐकल्याबरोबर शांताक्काने कपाळावर हात मारला, कारण हे वाक्य तिने एकदा ऐकलं होतं. मनिलाला एका स्पर्धेत शेवटच्या होलपर्यंत अण्णा पुढे होते. झाडीत चेंडूमागे काठी टेकवताना चेंडू जरासा हलला, आणि मारण्याआधी तो हलला की दंड असतो. आसपास कुणी नव्हतं. अण्णांनी स्वतः पंचांना बोलावून सांगितलं, एक फटका दंड घेतला आणि त्याच एका फटक्याने हरले. घरी आल्यावर शांताक्काने विचारलं होतं, कुणी बघितलं? तेव्हाही हेच उत्तर आलं होतं. त्यानंतर महिनाभर ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

आता पंचाईत अशी की खेळाच्या नियमात बाहेर आलेला चेंडू चालतो, आणि देवाच्या नियमात आत गेलेलं बाहेर येतच नाही. आमच्या गावात यावर जेवढी अक्कल खर्च झाली तेवढी पंचायतीच्या निवडणुकीतही होत नाही. एक म्हणाला, झाड देवाचं पण हवा सरकारची, चेंडू हवेतून गेला. दुसरा म्हणाला, झाडाला लागला म्हणजे देवाला शिवला. गणपती गुरव त्या राईचा पुजारी. कोंबडीच्या रश्श्यावर त्याचा फार जीव. तो म्हणाला, "म्हादू, देवानं तुला परत दिला. देवाची देणगी हाय, घे की!"

"दिला का त्यानंच मारला, हे तू कसं ठरवणार?" अण्णा म्हणाले. "कळे लाव."

आमच्याकडे अडचणीचा प्रश्न देवालाच विचारतात. ओल्या दगडावर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या कळ्या, म्हणजेच कळे, चिकटवायच्या. जी आधी पडेल तो देवाचा कौल. तेव्हा अख्खं गाव राईत गेलं, चपला बाहेर काढून. गुरवाने कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं. ते तो तालात म्हणतो, आणि बाकीच्यांनी मागून हुंकार भरायचा.

"हे राईच्या देवा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो म्हादू तुझं लेकरू हाय. काठीनं चेंडू मारतोय. का मारतोय ते आमास्नी ठाव न्हाई!"

"व्हय म्हाराजा!"

"आज त्येचा चेंडू तुझ्या झाडाला लागला आन खड्ड्यात पडला. त्यो होल त्येचा आसंल तर उजवा दे. तुझा आसंल तर डावा दे. पर बाबा, कोंबडा म्हातारा व्हायलाय, लवकर दे!"

"व्हय म्हाराजा!"

कळे पडेनात. उजेड कमी व्हायला लागला. माणसं या पायावरून त्या पायावर झाली. गुरवाने देवाला दोनदा आठवण करून दिली. अण्णा मात्र टोपी छातीशी धरून उभे होते, डावा हात थरथरत होता, आणि नजर उजव्या कळ्यावर. त्या माणसाला तो होल किती हवा होता हे मला त्या वेळी कळलं. मी मनातल्या मनात देवाला सांगत होते, उजवा दे रे बाबा, तुला काय करायचाय होल.

डावा पडला.

 मसाला वाटणारी बाई तशीच ओला हात घेऊन उभी राहिली. अण्णा चार पावलं पुढे गेले, शेंदरी दगडासमोर थांबले, आणि हरलेला खेळाडू जसा करतो तसा त्यांनी उजवा हात पुढे केला. "वेल प्लेड, सर," ते म्हणाले. मनिलाच्या आणि बँकॉकच्या मैदानांवर त्यांचा आवाज असाच निघत असणार.

मग गुरवाच्या लक्षात आलं की होल देवाचा, तर रिवाजाप्रमाणे जेवणही देवानेच घालायला हवं. हे त्याने फारच चटकन ओळखलं. देवाच्या शेतातले तांदूळ निघाले आणि होलचा कोंबडा शेवटी कामी आला. त्याच्या एकट्याने काय होणार, म्हणून घरोघरच्या कोंबड्या जोडीला आल्या. अख्खं गाव राईबाहेर पंगतीला बसलं. अण्णा पोटभर जेवले. शांताक्का वाढता वाढता म्हणत होती, "जलमभर काठी ह्यांनी घासली आन होल लागला दगडाला."

घरी परतताना मी त्यांना विचारलं, "अण्णा, वाईट वाटलं?"

"लई," ते म्हणाले. "रडूच आलं बघा. पर ह्यो माझा म्हणून घेतलो आसतो, तर मनिलात हरलो ते कशाला?"  मी त्यांचा थरथरणारा हात धरला आणि आम्ही बांधावरून चालत आलो. मला माझ्या वडिलांचा वाटला नसेल एवढा त्या माणसाचा अभिमान वाटला.

पावसाळ्यात त्यांचा आजार वाढला. पेला धरणंही जमेना. मी भेटायला जायची तेव्हा ते खिडकीतून भिजणाऱ्या शेतांकडे बघत असायचे आणि कुठला बांध खचला ते मला सांगायचे. एके दिवशी त्यांनी शांताक्काला जवळ बोलावलं. "माझी काठी राईत ठेवा," ते म्हणाले. "देवाकडं चेंडू ढीगभर हाईत, पर काठी न्हाई. त्यो बिचारा झाडानं मारायलाय." दिवाळीच्या आधी, भात पिवळं पडत असताना, ते गेले. त्या मोसमाची कापणी त्यांनी पाहिली नाही.

बाराव्यानंतर आम्ही तिघं राईत गेलो, मी, शांताक्का आणि गणपती गुरव. शांताक्काने काठी पुसून, तेल लावून आणली होती. गुरवाने ती दगडाशी टेकवली, हात जोडले, आणि मग तो एकदम चमकला. "आक्का, डावा कळा पडला होता न्हवं? देव डावखुरा आसला तर? ही काठी तर उजव्या हाताची."

मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. शांताक्काने पदर खांद्यावरून नीट घेतला आणि ती काठी जराशी सरळ केली.

"आसू दे," ती म्हणाली. "हे गेल्यात की तिकडं. शिकवतील."